डावा गाल

माझं वजन चारशे दहा ग्रॅम भरतं, डोळ्यांच्या दोन काचा धरून. मित्रांनो, मी एक जुना रबरी मुखवटा आहे. एके काळी मी पडद्यावर आलो की लहान मुलं आईच्या कुशीत तोंड खुपसायची, आणि थोड्या वेळानं तीच मुलं मान बाहेर काढून माझ्याकडे टक लावून बघायची. असं का व्हायचं, हे मला स्वतःला कळायला शेहेचाळीस वर्षं लागली. ते कसं कळलं तेच सांगतो. घडलं तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी एक चित्रपट निघाला. आकाशातून एक पाहुणा एका छोट्या गावात उतरतो. तो कुणाला मारत नाही, काही मागत नाही, एक शब्दही बोलत नाही. गावकरी घाबरतात आणि त्याला शाळेच्या सभागृहात कोंडून ठेवतात. शेवटी तो आला तसा निघून जातो. गोष्ट एवढीच. त्या पाहुण्याचा चेहरा मी होतो.

मला घडवणारे साचेकार एका लांबट पत्र्याच्या खोलीत कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे करायचे. काचेमागे नवे कपडे घालून उभे असतात ना, तसले. एका फळीवर बिनडोक्याची धडं, दुसरीवर बिनधडाची डोकी. त्यांची चौदा वर्षांची मुलगी शाळा सुटली की तिथंच एका पेटीवर बसून अभ्यास करायची. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. आणि ती माझ्या आधीची, म्हणून ती माझी ताई.

बाबांच्या कामात एक गोष्ट ठाम होती. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या हव्यात. कपाळापासून हनुवटीपर्यंत ते दोरा ताणायचे आणि दोन्हीकडची मापं कंपासनं पडताळून बघायचे. केसभर फरक निघाला तर आख्खं डोकं मोडून माती पुन्हा मळायचे. 'माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात,' असं एकदा एक दुकानदार म्हणाला होता. 'म्हणून तर माणसाला कपडे शोभत नाहीत,' असं बाबांनी त्याला ऐकवलं होतं.

माझा चेहरा त्यांनी नऊ दिवस मातीत घडवला. रुंद कपाळ, लहानसं तोंड, नाक जवळजवळ नाहीच. मातीवरून प्लास्टरचा दोन भागांचा साचा घेतला. दोन्ही भाग दोरीनं आवळून आत पातळ रबर ओतलं, साचा फिरवला, जास्तीचं रबर काढून टाकलं आणि साचा डाव्या कुशीवर आडवा ठेवला. असं रबर सुकायला दोन दिवस लागतात. हिशेब बरोबर होता, चित्रीकरण शुक्रवारी होतं.

बुधवारी दुपारी चित्रपटवाल्यांचा माणूस आला. शाळेचं सभागृह शुक्रवारऐवजी गुरुवारी मिळणार होतं, त्यामुळे मुखवटा आजच हवा होता. बाबा म्हणाले, ओला आहे. तो म्हणाला, तिकडे साठ माणसं खोळंबली आहेत. बराच वेळ दोघांचं चाललं होतं. शेवटी चार वाजता बाबांनी साचा उघडला.

उजवी बाजू सुकली होती. ज्या बाजूवर साचा टेकला होता तिथं रबर जाड बसलं होतं आणि अजून ओलं होतं. बाहेर काढल्याबरोबर माझा डावा गाल ओघळला. त्याच्याबरोबर डोळ्याची कड बोटभर खाली आली आणि ओठाचं टोकही. बाबांनी गाल तळहातावर उचलून धरला. अर्धा तास धरला. हात काढला की तो पुन्हा खाली. ताई शेजारी उभी राहून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती, वाऱ्यानं तरी सुकेल म्हणून. त्या माणसानं मला कागदात गुंडाळलं तेव्हा बाबा त्याच्या मागे दारापर्यंत गेले. दोन दिवस द्या, दुसरा करून देतो, असं ते तीनदा म्हणाले.

गुरुवारी सकाळी दिग्दर्शकानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, असू दे, वेळ नाही. हे चार शब्द बाबांच्या कानावर गेले, आणि तिथंच राहिले.

मला घालणारा माणूस नट नव्हता. नटाला स्वतःचा चेहरा झाकायचा नव्हता, म्हणून दिवे लावणाऱ्या एका उंच कामगाराला पुढे केलं. त्याला सगळे शिडी म्हणायचे. त्याला छतावरचा दिवा फिरवायला शिडी लागत नसे, म्हणून ते नाव. माझ्या डोळ्यांखाली टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं होती, तेवढ्यातून त्याला दिसायचं. आपण पडू या भीतीनं तो एकेक पाऊल चाचपत टाकायचा. आत इतकं उकडायचं की तो मोठा श्वास घ्यायचा आणि थांबून सोडायचा. तो श्वास माझ्या सैल गालाला लागायचा. गाल किंचित वर उचलला जायचा आणि उशिरानं, हळूच, खाली यायचा.

चित्रपट एकतीस आठवडे चालला. भिंतींवर, बसथांब्यांवर, वह्यांच्या वेष्टनांवर माझा चेहरा लागला. वर्तमानपत्रांनी पाहुण्याच्या दुःखावर रकाने भरले. दिवेवाल्याचं आणि साचेवाल्याचं नाव पडद्यावर द्यायची तेव्हा पद्धत नव्हती, त्यामुळे ते दुःख कुणाच्या नावावर जमा झालं नाही.

बाबांनी चित्रपट पाहिला नाही. रस्त्यात माझं चित्र दिसलं की ते पलीकडच्या बाजूनं चालायचे. घरात माझा विषय निघत नसे. चित्रपटाचं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही. दुकानांचे पुतळे करत राहिले, आणि ते सगळे सरळ होते.

माझी मिरवणूक मात्र लवकरच आटोपली. काही महिने मी चित्रपटगृहाच्या दारात काचेच्या पेटीत होतो. मग पेटी दुसऱ्या कुणाला हवी होती. मला स्टुडिओच्या सामानघरात, लाकडी तलवारी आणि बिनतारांच्या टेलिफोनांशेजारी एका पत्र्याच्या ट्रंकेत टाकलं. पंधरा-सोळा वर्षं ट्रंकेचं झाकण कुणी उघडलं नाही. पत्र्याच्या उकाड्यात रबर कडक होत जातं, आणि घडी पडली की तिथंच तडकायला बघतं. मी तसा होऊ लागलो होतो.

मग एक दिवस झाकण उघडलं. समोर ताई होती, आता तीस वर्षांची. त्याच सामानघराची देखरेख करायची नोकरी तिनं धरली होती. तिनं मला ओळखलं, आणि सगळ्यात आधी डाव्या गालाखाली बोट घालून तो वर उचलून पाहिला.

मित्रांनो, एखाद्या वस्तूला जपावं तसं तिनं मला जपलं. माझ्या मापाचं प्लास्टरचं डोकं करून त्यावर मला बसवलं. दर महिन्याला कोरड्या ब्रशनं पावडर. ऊन नाही, तेलाचा हात नाही. मोठमोठे पाहुणे यायचे, मला डोक्यावर घालून फोटो काढू म्हणायचे. ताई सांगायची, 'फोटो काढा, पण हात मागे बांधून.' ते हसायचे आणि खरंच हात मागे घ्यायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी ताई चार दिवस कामावर आली नाही. पाचव्या दिवशी आली, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. बाबा गेले होते. जाताना त्यांनी माझी आठवण काढली होती. तिनं त्यांचे शब्द मला सांगितले, तिथं दुसरं कुणी नव्हतं. 'कधी जमलं तर त्याला सरळ कर. मी घाईत काढला गं.'

तेव्हापासून ती त्याच एका गोष्टीच्या मागे होती.

मग नवा काळ आला आणि तोच चित्रपट पुन्हा करायचं ठरलं. नवी दिग्दर्शिका चाळिशीची होती. सात वर्षांची असताना टीव्हीवर मला बघून ती खुर्चीखाली शिरली होती, असं तिनं ताईला सांगितलं. या वेळी पाहुणा संगणकावर घडवणार होते, पण चेहरा माझाच राहणार होता. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. नव्या चित्रपटाच्या शेवटी मूळ मुखवटा घडवणाऱ्याचं नाव येणार होतं. ताईनं ते नाव कागदावर लिहून दिलं आणि दिग्दर्शिकेकडून दोनदा वाचून घेतलं.

संगणकाचं काम एका दाढीवाल्या माणसाकडे होतं. मला मधोमध ठेवून त्यानं चारही बाजूंनी शेकड्यानं फोटो काढायला सुरुवात केली. डावीकडे आल्यावर ताईनं त्याला थांबवलं. डावी बाजू खराब झाली आहे, मूळ घडण उजवीची आहे, तेव्हा उजवीच घ्या आणि उलटवून डावीकडे लावा, असं तिनं सांगितलं. घडवणाऱ्याची मुलगीच सांगते म्हटल्यावर त्यानं पुढे विचारलं नाही. त्याचं कामही निम्मं झालं. खराब झाली आहे, हे ती खोटं बोलली होती. मी तिथंच होतो. मुखवट्याला तोंड असतं, पण बोलता येत नाही.

तीन महिन्यांनी, एका सकाळी अकरा वाजता, एका छोट्या खोलीत नवा चेहरा पडद्यावर दाखवला. खोलीत चौघं होती. दिग्दर्शिका, दाढीवाला, ताई आणि शिडीकाका. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पाहुण्याची चाल कशी होती ते विचारायला दिग्दर्शिकेनं त्यांना शोधून आणलं होतं. मला तुलनेसाठी दाराजवळच्या टेबलावर ठेवलं होतं.

पडद्यावर पाहुणा आला. कपाळ माझं, तोंड माझं, दोन्ही डोळे एका ओळीत. कातडीवरचं छिद्रनछिद्र दिसत होतं. बाबांनी दोरा ताणून पाहिला असता तर खूश झाले असते. ताई बसल्या जागी ताठ झाली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. दिग्दर्शिका सुंदर आहे म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज खाली आला.

शिडीकाकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

'हा कोण?' त्यांनी विचारलं.

'काका, हे तुम्हीच,' दाढीवाला म्हणाला.

'छे. हा दुकानाच्या काचेत उभा राहणारा कुणीतरी आहे. याला शर्ट घाला.'

दाढीवाला हसला. ताई हसली नाही. 'माझ्या वडिलांनी जन्मभर दुकानाच्या काचेतलेच पुतळे केले,' ती म्हणाली. 'आणि त्यांत एकही वाकडा नव्हता.'

मग सगळं बाहेर आलं. डावी बाजू घेऊ नका असं आपणच सांगितलं, हे तिनं दिग्दर्शिकेच्या तोंडावर कबूल केलं. तिची बाजू तिनं शांतपणे मांडली. वडिलांचं नाव पहिल्यांदाच पडद्यावर येणार होतं. ते त्या ओघळलेल्या गालाखाली आलं तर सगळ्या जगाला त्यांची चूक तेवढी दिसणार. ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात हेच होतं. दिग्दर्शिकेनं विचारलं, तुम्ही तो चित्रपट पाहिला नाही का? एकदा पाहिला, ताई म्हणाली, पण मी पूर्ण वेळ गालाकडेच बघत बसले.

काका खुर्चीतच ताईकडे वळले.

'चूकच होती ती,' ते म्हणाले. 'मी नाही म्हणत नाही. पण ऐक. मी हा चित्रपट थेटरात अकरा वेळा बघितला. शेवटच्या रांगेत बसायचो. मला कोण ओळखणार? ते सभागृहातलं दृश्य आलं, ती लहान मुलगी मला बसायला खुर्ची देते आणि मला बसावं कसं ते कळत नाही, तिथं सगळं थेटर गप्प व्हायचं. माझ्या शेजारी एक बाई होत्या. रडत रडत नवऱ्याला म्हणाल्या, अहो, कुणीतरी याला घरी घेऊन जा ना.'

ताई त्यांच्याकडे बघत होती.

'मी तिथं काय करत होतो? काही नाही. पडू नये म्हणून जपून उभा होतो. रडत होता तो हा गाल. मी श्वास घेतला की तो हलायचा. बाकी सगळा चेहरा दगड.' त्यांनी माझ्याकडे बोट केलं. 'हे तुझ्या वडिलांना सांगायला मी गेलो होतो. दारात उभा राहिलो. ते काम करत होते. मला बघून उठले आणि हात जोडून म्हणाले, माफ कर गड्या, तुझ्या कामाची माती केली मी. मी दिवे लावणारा माणूस. मला शब्द सुचेनात. मी म्हणालो, चालायचंच.'

त्यांनी चष्मा काढला. 'चालायचंच म्हणालो गं मी त्यांना. आणि घरी आलो.'

ताई उठली, मला पेटीत ठेवलं आणि कुणाशी न बोलता निघाली. चित्रपट पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. दिग्दर्शिका तिच्या मागे दारापर्यंत आली आणि म्हणाली, मावशी, तुम्ही सांगाल तसंच करू. ही तिची मोठी गोष्ट होती, कारण तिला कोणता चेहरा हवा होता ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दोन दिवस ताईनं मला पेटीतून काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला काढून समोर ठेवलं आणि सामानघरातल्या छोट्या पडद्यावर तो जुना चित्रपट लावला. आम्ही दोघांनी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. मी तर आधी कधीच पाहिला नव्हता. चित्रीकरण चालू असताना मुखवट्याला आपण कसे दिसतो ते कळत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला बाबांच्याच नजरेनं बघत आलो होतो. खुर्चीचं दृश्य आलं. पडद्यावरचा तो एकटा, उंच, गोंधळलेला जीव मीच होतो. त्याचा गाल हळूच उचलला गेला आणि उशिरानं खाली आला. ताईनं दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. मग फोन उचलून तिनं दिग्दर्शिकेला सांगितलं, 'डावी बाजू घ्या. जशी आहे तशी.'

पण नुसते फोटो आता पुरणार नव्हते. प्लास्टरच्या डोक्यावर गाल हलत नव्हता, आणि जुन्या चित्रपटात तो समोरून तेवढा दिसत होता. दाढीवाल्याला तो श्वासाबरोबर हलताना सगळ्या बाजूंनी टिपायचा होता. म्हणजे मला कुणीतरी घालायला हवं होतं. शेहेचाळीस वर्षांचं रबर किती ताण सोसेल याची कुणीच खात्री देईना. दाढीवाल्यानंच सांगितलं, मावशी, फाटेल. ताईला ते त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं तीस वर्षं कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

'माझाही चेहरा आता ओघळलाय,' शिडीकाका म्हणाले. 'नीट बसेल.'

ताईनं गरम पाण्याच्या वाफेवर मला मऊ केलं, आतून पावडर लावली आणि स्वतःच्या हातांनी, मागच्या कडेपासून थोडं थोडं करत, काकांच्या डोक्यावर चढवलं. आत तोच वास होता, घामाचा आणि रबराचा. काकांनी मोठा श्वास घेतला. माझा गाल उचलला गेला. ताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं तो इतक्या जवळून, जिवंत, कधीच पाहिला नव्हता. चौदा वर्षांची होती तेव्हा तिनं तो फक्त पडताना पाहिला होता.

सोळा कॅमेरे चालू होते. पंचविसाव्या सेकंदाला कानापासून कागद फाटावा तसा आवाज आला. मी फाटत होतो. काका जागच्या जागी थिजले. दाढीवाला पुढे धावला.

'थांबू नका, काका,' ताई म्हणाली. 'श्वास घेत राहा.'

काकांनी आणखी दोन श्वास घेतले. दुसऱ्या श्वासाला भेग हनुवटीपर्यंत गेली आणि माझा डावा गाल सुटून पुढे सरसावलेल्या ताईच्या ओंजळीत आला. सगळं मिळून चाळीस सेकंद टिपली गेली. दाढीवाला म्हणाला, पुरतील.

पुरली. नवा चित्रपट लागला. ताई पहिल्या खेळाला एकटी गेली आणि शेवटपर्यंत, नावं संपेपर्यंत बसली. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतला एक लहान मुलगा खुर्चीवर उभा राहून आईला विचारत होता, तो पाहुणा आता कुठं राहणार. आई चल म्हणत होती, तो हलत नव्हता. ताईनं परत आल्यावर मला एवढंच सांगितलं. मग तिनं तोंड फिरवून खिडकी पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

मित्रांनो, मी आता दोन तुकड्यांत आहे. ताईनं मला चिकटवलं नाही. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रबर आज ना उद्या जायचंच असतं. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी जन्मल्यावर बाबा सत्तावीस वर्षं हयात होते. तेवढ्या काळात हजारो माणसं माझ्यासाठी रडली, आणि त्यांतल्या एकानंही त्या पत्र्याच्या खोलीचा पत्ता विचारला नाही. जो एक माणूस गेला तो दारातून परतला. बाबांनी जाताना एक चूक बरोबर नेली. ती नुसती चूक नव्हती हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. वस्तूंना धुळीपासून, उन्हापासून जपा, ते तर कराच. पण एखादी वस्तू मनापासून आवडली तर ती कुणी केली ते आधी विचारा. आणि तो माणूस आहे तोवर त्याच्याकडे जा. बोलायला सुचणार नाही, जीभ अडखळेल, तो उलट तुमचीच माफी मागेल. तरी सांगितल्याशिवाय दारातून मागे फिरू नका.